दिवा न चालणारी देवी

पौष लागला की सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक उभे राहतात. ‘हुरडा पार्टी’. खाली बैलगाडीचं चित्र, फेटा बांधलेला हसरा गडी आणि गाड्या लावायला प्रशस्त जागा. ज्यांनी जन्मात कणसाला हात लावला नाही अशी माणसं पुण्याहून येतात, बाजेवर बसून फोटो काढून घेतात, चार दाणे तोंडात टाकतात, ‘गोड आहे हं’ म्हणतात आणि ऊन आहे तोवर परततात. मला त्यांची किळस येते असं मी बरीच वर्षं समजत होतो. किळस खरी होती, माणसं चुकीची होती.

यंदा आमच्या जुन्या कंपनीतल्या मंडळींनीही तसलाच बेत ठरवला. ‘ते सोनेरी दिवस’ असा मथळा देऊन सगळ्यांना निरोप. मी कळवलं, पोट बरं नाही. पोट ठणठणीत आहे. पण दुधात आलेला हिरवागार शाळू आणि त्यात मधेच पिवळं पडलेलं एक चटईएवढं ठिगळ, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही, आणि सोनेरी दिवसवाल्यांबरोबर बसून मला ते गिळता येत नाही.

मी शिरूरचा. वडील शाळामास्तर. मुलानं नेमून दिलेलं काम चोख करावं एवढीच त्यांची अपेक्षा, आणि ती मी पुरी केली, हेच तर सांगायचं आहे. दोन हजारचं दशक संपत आलेलं असताना मी दौंड तालुक्यात वायूच्या नळावर इंजिनियर होतो. घरोघर जातो तो बारीक नळ नव्हे. हा मोठा, जमिनीखालून जिल्हे ओलांडत जाणारा, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या घेराचा. त्याची एक शाखा रांजणगावच्या कारखान्यांकडे जायची. शेतकऱ्यांच्या रानातून पट्टा गेलेला, वर शाळू, गहू, कांदा, आणि खाली आम्ही. वर पिवळे खांब रोवलेले. पोरं त्यांवर नावं कोरत, बाया त्यांवर गोधड्या वाळत घालत.

थंडीतल्या सकाळी तो पट्टा फार देखणा दिसे, हे नाकारत नाही. दंवानं पानं जड झालेली, कालव्याचं आवर्तन सुटलेलं, पाटाचं पाणी वाफ्यात शिरताना होणारा तो चुळचुळ आवाज, आणि ज्वारीच्या ताटांतून चालताना पँट गुडघ्यापर्यंत ओली. माझ्या हातात असायची फाईल. तिच्यावर दंव पडू नये म्हणून मी ती शर्टाच्या आत धरायचो. माणूस भिजला तरी चालेल, फाईल भिजू नये. ही आमची संस्कृती.

त्या पट्ट्यावरून रोज चालत जाणारा एक माणूस होता, धुळा आप्पा. जातीनं धनगर. बापाच्या वेळी मेंढरं होती, आप्पाच्या हयातीत ती विकली गेली आणि दोन एकर कोरडवाहू उरलं. नळावर चालायला माणूस हवा म्हणून ठेकेदारानं त्याला खाकी सदरा दिला. सदऱ्यावर घोंगडी, घोंगडीवर शिट्टीची दोरी. रोज आठ-नऊ किलोमीटर चालायचं आणि कुठं खोदकाम दिसतंय का, खांब पडलाय का, जमीन खचलीय का ते कळवायचं. आप्पाला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा आणि त्याच्या वहीत मी लिहायचो. हे लक्षात असू द्या, कारण सगळा घात इथंच आहे. डोळे त्याचे होते आणि लेखणी माझी.

मार्गशीर्षात एका सकाळी तो कार्यालयात आला आणि टेबलावर शाळूचं एक ताट ठेवलं, मुळासकट उपटलेलं. पानं पिवळी, मुळं काळी, मातीला उग्र वास.

“पाटलाच्या रानात, साहेब. सोनाबाईंच्या. चारी बाजूनं हिरवं आन् मधी असं. तितनं कुणाचं मेंढरू न्हेलं तर मान फिरवतंय. खालनं कायतरी निघतंय बघा.”

मी त्याला म्हणालो की युरिया जास्त झाला असेल. तो म्हणाला, युरियानं पान जळतं, मूळ काळं होत न्हाई. हा माणूस चाळीस वर्षं मेंढरांमागे जमीन वाचत हिंडलेला, आणि मी त्याला युरिया शिकवत होतो. त्याचं खरं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या नळातल्या वायूला वास नसतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. मोठ्या नळात तो मिसळलेला नव्हता. त्यामुळे गळती ओळखायची पहिली खूण म्हणजे वरचं पीक. मातीतली हवा हुसकली जाते आणि मूळ गुदमरतं. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि आप्पाला कुणीही शिकवलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं, ‘पट्टा ठीक.’

आता नियम सांगतो, कारण त्याशिवाय माझा नीचपणा नीट कळणार नाही. नळाचं भाडं किती घ्यायचं हे कंपनीच्या मर्जीवर नव्हतं. दिल्लीत बसलेलं मंडळ ते ठरवी, आणि त्यामागचे हेतू चांगले होते. नळ अचानक बंद पडला तर ती कंपनीची खोट, म्हणजे कंपनी नळ सांभाळेल. आधी कळवून बंद ठेवला तर खोट नाही. दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या रकमेतून भागवायचा, म्हणजे उधळपट्टी होणार नाही. नवा नळ टाकला तर मात्र ती गुंतवणूक, तिच्यावर वर्षानुवर्षं परतावा, म्हणजे जाळं वाढत राहील. आणि वाटेत थोडा वायू हरवणारच, तेव्हा एका मर्यादेपर्यंत हरवलेला वायू गिऱ्हाइकाच्या दरात धरायला हरकत नाही.

हे नियम शहाण्या माणसांनी केले आणि आमच्या हातात दिले. आम्ही त्यांतून काय शिकलो? गळती लवकर शोधू नये. शोधली तर नोंदवू नये. नोंदवायचीच तर ती आधी जाहीर केलेल्या बंदच्या दिवशीच सापडावी, आणि सापडेपर्यंत इतकी वाढलेली असावी की नुसती पट्टी आवळून भागू नये, तुकडाच बदलावा लागावा. तोवर मातीतून निघून गेलेला वायू रांजणगावच्या कारखान्यांच्या बिलात जाऊन बसे. कुणाला पत्ता लागत नसे. बिलालाही वास नसतो.

दुसरं ताट आलं तेव्हा मी पुण्याला आमच्या नाईक साहेबांना फोन केला. साहेब मवाळ बोलायचे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गळती सापडली म्हणतोस, की सापडेल म्हणतोस?”

मी म्हणालो, “सापडेल, साहेब.”

“मग एप्रिलमध्ये सापडू दे. एप्रिलचा बंद जाहीर आहे.”

एवढंच बोलणं. कुणी धमकी दिली नाही, कुणी लाच देऊ केली नाही. लोकांना वाटतं, पाप करताना समोर एखादा खलनायक बसलेला असतो. समोर एक तक्ता होता. ‘अनियोजित बंद: शून्य.’ तो शून्य आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला होता. ज्या माणसांनी शून्याला हार घातला ती मंडळी पुढं काय करतील, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

मग पौषातलं आवर्तन सुटलं आणि पाटलाच्या रानात पाणी भरलं. पिवळ्या ठिगळात पाणी साचलं आणि त्यातून बुडबुडे यायला लागले. एकसारखे, बारीक, भात शिजताना येतात तसे. सोनाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. घरातली थोरली बाई, नवरा वारलेला, स्वतः दारं धरून पाणी देणारी. त्या जागी पूर्वी शेंदूर लावलेला एक दगड होता, तो नळ गाडताना आमच्याच यंत्रानं बाजूला ढकललेला. बाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या. देवी हलवली होती, ती परत वर येतेय. दगड आणून बुडबुड्यांच्या काठाला बसवला, हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांत आसपासच्या वाड्यांवरून बाया येऊ लागल्या. नारळ, ओटी, उदबत्ती. आणि दिवा.

त्यांची चूक होती, पण तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जमिनीतून काहीतरी वर येतंय आणि ते आपल्यापेक्षा मोठं आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त नाव चुकलं. खरं नाव ज्याला ठाऊक होतं तो कार्यालयात बसून ‘पट्टा ठीक’ लिहीत होता.

आप्पा तिथं उभा राहायला लागला. नेमून दिलेली चाल अर्ध्यात सोडून तो त्या दगडापाशी थांबे आणि कुणी काडी ओढली की विझवायला लावी. बाया चिडायच्या. त्याला टोमणे मारायच्या, की धनगराला देवी दिसत न्हाई व्हय, ह्याला मेंढरंच दिसतात. तो हसून घ्यायचा. सांगायचा, बायांनो, कंपनीचा गॅस हाय, भडका हुईल. रोज संध्याकाळी मला येऊन सांगायचा की साहेब, एकदा येऊन तुम्ही बोला, तुमचं ऐकत्याल.

शाकंभरी पौर्णिमेला दुपारी मी गेलो. बोलायला नव्हे, बघायला. माझ्या पिशवीत वायू मोजायचं यंत्र होतं. जवळ गेलं की ते ओरडतं, म्हणून मी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. बांधावर उभं राहून पिशवीत वाकून पाहिलं तर काटा शेवटाला टेकलेला. पन्नास पावलांवर पंचवीसएक बाया, लुगड्यांचे रंग, शाळूची ताटं वाऱ्यानं एकमेकांवर घासल्याचा कोरडा आवाज, आणि मधोमध सोनाबाई कापूर पेटवताना. इतकं सुंदर दृश्य मी त्यानंतर पाहिलेलं नाही आणि पाहायची लायकीही राहिलेली नाही.

कापराबरोबर एक निळी जीभ जमिनीच्या भेगेतून वर आली, हातभर. कुणी ओरडलं नाही. उलट सगळ्यांनी हात जोडले. सोनाबाईंच्या मनगटावरची लव जळाली, तरी त्या हात मागं घेईनात.

आप्पा धावला. खांद्यावरची घोंगडी पाटात बुचकळून काढली आणि ज्वाळेवर टाकली, दगडासकट. वर पाय देऊन उभा राहिला, माती लोटली. ज्वाळा विझली.

पुरुष मंडळी रस्त्याकडून आली तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच. पाटलाच्या रानात देवीवर घोंगडी, आणि घोंगडीवर धनगराचा पाय. पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवायचा मला अधिकार नाही. त्याला मारलं. हातांनी, मग खोऱ्याच्या दांड्यानं. तो एकाच बाजूला बोट दाखवत होता, माझ्या. सोनाबाईंच्या दिरानं मला हाक मारली. “साहेब, ह्यो म्हंतोय कंपनीचा गॅस हाय. हाय का?”

सगळे थांबले. मारणारेसुद्धा. त्या शांततेत मला ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. त्यानंतर नळ बंद झाला असता, शून्याचा एक झाला असता, भिंत पुन्हा रंगवावी लागली असती.

मी म्हणालो, “आमच्या रेकॉर्डला तसं काही नाही.”

आणि ते खरं होतं, बघा. रेकॉर्ड मीच लिहिलेलं होतं.

आप्पानं माझ्याकडे पाहिलं. तोंडातून रक्त येत होतं. त्यांनी नंतर फारसं मारलं नाही. खोटा ठरलेल्या माणसाला मारण्यात त्यांना चव राहिली नसावी.

पुढची गोष्ट मी कित्येक वर्षं स्वतःची हुशारी म्हणून मनात जपली. पुन्हा दिवा लागला तर माणसं मरतील, एवढी अक्कल मला होती. आणि नळ बंद न करता हे टाळायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी सोनाबाईंच्या घरी गेलो, चहा घेतला आणि सांगितलं की माझ्या आजोळी अशीच एक देवी आहे, पाण्यातून वर आलेली. तिला अग्नी चालत नाही. फुलं वाहा, पाणी घाला, पण दिवा, उदबत्ती, कापूर नको, कोपते. कालचा जाळ तिचा कोपच होता. बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि मान हलवली. एका तासात गावभर झालं. त्यानंतर तिथं कुणी काडी ओढली नाही. मी येता-जाता नळाचा दाबही थोडा उतरवून ठेवला आणि कारण लिहिलं, ‘नियमित देखभाल’.

आप्पानं तेच सांगितलं होतं. इथं जाळ करू नका. खरं कारण देऊन सांगितलं म्हणून मार खाल्ला. मी खोटं कारण देऊन सांगितलं आणि मला चहा मिळाला.

आप्पाची गावातली ऊठबस बंद झाली. त्याच्या दळणाला गिरणीत नंबर लागेना. ‘गावाशी वर्तन बरोबर नाही’ म्हणून ठेकेदारानं त्याला कमी केलं, त्या कागदावर माझी सही आहे. दोन एकर मोडीत काढून तो लेकीकडे कवठे येमाईला निघून गेला. एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणे बंद झाला, ठरल्याप्रमाणे गळती ‘सापडली’, आणि सापडेपर्यंत ती इतकी वाढली होती की लांबलचक तुकडा बदलावा लागला. नवा नळ, नवी गुंतवणूक. बुडबुडे थांबले. देवी शांत झाली, असं गावानं ठरवलं. आम्हाला पुण्याला बोलावून एक ढाल दिली. नाईक साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी वर चढलो, मग आणखी वर. मला कुणी कधी काही विचारलं नाही. ज्या व्यवस्थेत माझ्यासारखा माणूस नमुनेदार कर्मचारी ठरतो तिची मी थुंकून निंदा करू शकतो, आणि रोज करतो. पण तिच्यात मी भाड्यानं राहत नव्हतो. घरच्यासारखा राहत होतो.

या पौषात, पोट दुखतंय असं कळवलेल्या दिवशी, मी कवठे येमाईला गेलो. आप्पा अंगणात उन्हाला बसला होता. डावा कान गेलेला, पण डोळे शाबूत. मला लगेच ओळखलं. लेकीनं पाणी आणून दिलं. मी उभ्यानंच म्हणालो की आप्पा, तुमचं खरं होतं, मला पहिल्या ताटापासून माहीत होतं. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची मी तयारी केली होती. मुलाखतीची करावी तशी.

तो म्हणाला, “मला कशाला सांगता, साहेब? मला तर तवाच म्हाईत हुतं. ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी सांगा की.”

मग त्यानं लेकीला विचारून घेतलं, शेळी बांधली का. मी निघालो.

तिथून मी तडक सोनाबाईंच्या गावी आलो. त्या जागी आता पत्र्याचं छत आणि फरशी आहे. दगडाला चांदीचा मुखवटा. भिंतीवर रंगवलंय, ‘आत दिवा, उदबत्ती, कापूर लावण्यास सक्त मनाई’. लांबलांबून लोक ही अनोखी देवी बघायला येतात. ओट्यावर तीन-चार माणसं होती आणि खांबाला टेकून सोनाबाई. खूप म्हाताऱ्या झाल्यात. व्यवस्था बघणाऱ्या एकानं मला पाहुणा समजून सगळी कथा ऐकवली. जाळातून देवी कशी प्रकटली, एका धनगरानं तिच्यावर पाय कसा दिला, आणि त्याला गाव कसं सोडावं लागलं.

मी त्याला मधेच थांबवलं आणि सांगितलं. वायू, पिवळी ताटं, वही, पिशवीतलं यंत्र, आजोळची देवी जी कधी नव्हतीच. तो माणूस आधी हसला, मग आवाज उतरवून म्हणाला की साहेब, झालं गेलं, आता हे भाईर बोलू नका, जत्रा जवळ आली हाय. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला नाईक साहेब दिसले. माझा चेहराही थोडा दिसला.

सोनाबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. मला जवळ बसायला सांगितलं.

“म्हंजी आप्पा खरं बोलत हुता?”

“हो.”

“आन् तुमाला तवाच ठावं हुतं?”

“हो.”

“मग बोलला का न्हाई?”

मग मी त्यांना सांगायला लागलो. अचानक बंद आणि जाहीर बंद यांतला फरक. दुरुस्ती कशात धरतात आणि नवा नळ कशात धरतात. एप्रिल. शून्य. भिंतीवरचा तक्ता. मी नीट, क्रमानं सांगितलं, जसं नव्या भरती झालेल्यांना सांगायचो. बाई एकटक ऐकत होत्या. मधे एकदाही त्यांनी अडवलं नाही. माझं संपलं तरी त्या थांबल्या, अजून काहीतरी यायचं राहिलं असेल म्हणून. मग लांबून पायपीट करत आलेल्या माणसानं किरकोळ काम सांगितलं की विचारावं, तसं त्यांनी विचारलं,

“येवढ्यासाठी?”

मी म्हणालो, “हो. एवढ्यासाठी.”